जुना उतारा, नवा मालक

१/ आजच्या धाग्यात संगणकाच्या मेमरीचा थोडा इतिहास आहे आणि माझ्या एका चुकीची कबुलीही. आष्टी तालुक्यातील कडा येथे घरी बसून मी एका लहान मुक्तस्रोत प्रोग्रामची दुरुस्ती करीत होतो. त्याच्या पोटात लुआ भाषेचे व्हर्च्युअल मशीन होते. प्रोग्राम काही तास नीट चाले आणि अचानक कोसळे.

२/ लुआचा जन्म १९९३ चा, ब्राझीलमधील रिओ द जानेरोच्या पीयूसी विद्यापीठातला. सी भाषेत मेमरी मागणे आणि परत करणे हे लिहिणाऱ्याचे काम. लुआमध्ये ते गार्बेज कलेक्टर करतो. जॉन मॅकार्थी यांनी १९६० च्या लिस्पवरील निबंधात ही पद्धत मांडली: ज्या वस्तूपर्यंत कोणत्याही नोंदीवरून पोहोचता येत नाही, ती बेवारस समजून तिची जागा मोकळी करायची.

३/ आता सातबारा आठवा. शेत विकले गेले, फेरफार झाला, तरी जुना उतारा खिशात बाळगून कोणी तेथे नांगर घातला तर? मोकळी झालेली मेमरी वापरणे म्हणजे नेमके हेच. नवा मालक येईपर्यंत काहीच बिघडलेले दिसत नाही. म्हणून प्रोग्राम कोसळतो एकीकडे आणि दोष असतो भलतीकडे.

४/ मी मात्र कोसळण्याच्या जागीच एक तपासणी घालून मोकळा झालो. तो भाग ज्या सहकाऱ्याने लिहिला होता, त्याच्याकडे चार लोकांत बोटही दाखवले. आठवड्याभरात प्रोग्राम दुसऱ्याच ठिकाणी कोसळला.

५/ मग साधनांकडे वळलो. ज्युलियन सीवर्ड यांचे व्हॅलग्रिंड २००२ चे. गूगलच्या अभियंत्यांनी ॲड्रेससॅनिटायझरवरचा निबंध मांडला २०१२ मध्ये. हे दुसरे साधन तीन जबान्या नोंदवते: जागा वापरली कोठे, मोकळी झाली कोठे आणि मुळात मागितली कोठे. म्हणजे उताऱ्याबरोबर फेरफारही हाती येतात. प्रत्येक नव्या मागणीला गार्बेज कलेक्टर सक्तीने चालवला, तेव्हा तासांनी उद्भवणारा दोष क्षणात उभा राहिला.

६/ सी भाषेतील एका ओळीने लुआमध्ये एक अक्षरमाला तयार केली होती. पण तिची नोंद मशीनच्या स्टॅकवर केलीच नव्हती. कलेक्टरच्या लेखी ती बेवारस. ती ओळ माझी होती. सहकाऱ्याची क्षमा मागितली, तीही त्याच चार लोकांत.

७/ हा दोष केवळ नवशिक्यांचा नव्हे. रेडिस या डेटाबेसमध्ये २०१२ पासून लुआ आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेला त्यातील अतिगंभीर दोष याच जातीचा: स्क्रिप्टचे नाव वाचनाच्या वेळी स्टॅकवर ठेवलेले नव्हते. सुमारे तेरा वर्षे तो कोणाच्या ध्यानात आला नाही. दुरुस्ती मात्र मोजक्या ओळींची निघाली.

८/ इतिहास वाचतानाही पडलेल्या बुरुजापाशीच दोषी शोधण्याचा मोह होतो. त्याआधी मालकी कधी आणि कशी बदलली, ते पाहावे. घरातील ट्रंकेत जुने फेरफार असतील, तर एकदा उताऱ्याशी ताडून पाहा.