ऑरिकची शेंग

रेडवुडची झाडं पाहायला गेलेला माणूस मान अवघडेपर्यंत वर बघतो, फोटो काढतो आणि झाड फोटोत मावत नाही म्हणून चिडतो. मीही ते सगळं केलं. सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला जाताना लेगेट गावी बुंध्यात बोगदा पाडलेलं एक झाड आहे. त्यातून मोटार काढायची हौस भाच्यानं पैसे भरून भागवून घेतली. मी खाली उतरून लांब उभी राहिले. जिवंत झाडाला भोक पाडून त्यावर तिकीट लावणाऱ्यांचा मला राग येतो. पुढचे दिवस धुक्यात आणि गार सँडविचांवर गेले. एवढं मात्र आठवतं, की रेडवुडची साल वीतभर जाड असते आणि बोटानं दाबली तर काथ्यासारखी लागते. वणव्यानं बुंधे काळे पडलेले, वर मात्र हिरवागार पाला.

पण सांगावंसं वाटतं ते ऑरिक. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं इवलंसं गाव. लाकडी अस्वलं विकणारी दुकानं, त्यातल्या काहींना टाळं. एका दुकानाबाहेर करडा पडलेला, भेगाळलेला एक प्रचंड ओंडका होता, मधोमध कमरेत आवळलेला. माझं माहेर भुईमुगाच्या पट्ट्यातलं.

“अरे, ही शेंग आहे!”

“मावशी, काहीही काय!”

बाकावर लाल गॅलिस लावलेले एक वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांना विचारलं. “शेंगच आहे,” ते म्हणाले, “आणि वॉशिंग्टनला जाऊन आलीय.”

इथलं राष्ट्रीय उद्यान 1968 मध्ये झालं, पण फार कंजूसपणे. रेडवुड क्रीकच्या वळणावर 1963 मध्ये 367 फुटांचं झाड मोजलं गेलं होतं, जगातलं तेव्हाचं सर्वांत उंच. तिथपर्यंत ओढ्याकाठची एक चिंचोळी पट्टी तेवढी उद्यानात आली. वरचे डोंगर लाकूड कंपन्यांकडेच राहिले, आणि त्यांनी ते सपाट तोडायला घेतले. पावसात उघडी माती ओढ्यात येऊ लागली, पात्र गाळानं भरलं आणि पाणी काठ खाऊ लागलं. खालची राखलेली झाडंच धोक्यात आली. मग उद्यान वाढवायचं ठरू लागलं, आणि लाकूडतोडे बिथरले. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर भुईमूग पिकवणारे शेतकरी. म्हणून लाकूडतोड्यांनी रेडवुडच्या ओंडक्यातून नऊ टनांची शेंग कोरली, ट्रकवर चढवली आणि 1977 मध्ये ट्रकांचा ताफा घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला गेले. व्हाइट हाउसनं भेट नाकारली. शेंग तेवढंच अंतर तोडून परत आली.

उद्यान वाढवायच्या कायद्यावर कार्टरांनी 1978 मध्ये सही केली. 48,000 एकर वाढले, त्यातले सुमारे 39,000 आधीच तोडून झालेले. म्हणजे सरकारनं घेतले ते मुख्यतः बुंधे! तरी सही बरोबरच होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. या वाढीव जमिनीतच 2006 मध्ये जवळजवळ 380 फुटांचं हायपेरियन सापडलं. पण शेंग ठेवून घ्यायला काय हरकत होती? घ्यायची, आभार मानायचे आणि सही करायची.

हे मी त्या गृहस्थांना सांगितलं. ते रागावले नाहीत.

“झाडं संपत आली होती, हे आम्हाला दिसत नव्हतं असं समजू नका. रोज आम्हीच तर पाडत होतो. पण कंपन्यांना जमिनीचे पैसे मिळाले. आम्हाला काही वर्षं भत्ता.”

“मग?”

“मग बुलडोझर. तोच, पण पगार उद्यानाचा.”

आधी त्यांनी ज्या डोंगरांत ओंडके ओढायचे रस्ते पाडले होते, त्याच डोंगरांत नंतर ते रस्ते मिटवायचं काम मिळालं. जास्त अवघड काय, असं विचारलं तर म्हणाले, मिटवणं. भराव कुठवर उकरायचा ते ठरवावं लागतं. भरावाखाली गाडला गेलेला, मुळांवर उभा असलेला बुंधा लागला की समजायचं, जुनी जमीन इथं होती. त्या पातळीपर्यंत सगळी माती काढायची, पुन्हा उतारावर नीट पसरायची, ओढ्याची जुनी वाट मोकळी करायची. हे सांगताना त्यांचा तळहात हवेत उतार दाखवत होता आणि बुंधा आला की मूठ होत होती. भाचा, ज्यानं आतापर्यंत प्रत्येक झाडाची उंची मला फोनवरून वाचून दाखवली होती, तोही मोबाइल खिशात घालून ऐकत होता.

“झाडं राहिली ते चांगलंच झालं,” ते म्हणाले. “पण पर्यटक येतील, गाव चालेल, असं सांगितलं होतं आम्हाला. येतात ना! नुसते बाथरूमपुरते थांबतात नि पुढं जातात. तुम्ही कशासाठी थांबलात?”

भाच्यानं खरं तेच सांगितलं. म्हातारबुवा ठसका लागेपर्यंत हसले आणि त्यांनी दुकानाच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं.