चिखलातला उतार

चाळिशी ओलांडलेल्या पुरुष धावपटूला इंग्लंडच्या क्लबांमध्ये व्हेटरन म्हणतात. क्रॉस कंट्रीच्या चिखलात हा व्हेटरन सर्वाधिक जागा गमावतो त्या उतारावर. चढाचे त्या मानाने निभावते. चिखल पायाला उसळी परत देत नाही. वाळूवर धावताना कठीण जमिनीच्या सुमारे 1.6 पट ऊर्जा खर्च होते, असे 1998 सालच्या एका प्रयोगात मोजले गेले होते, आणि ओल्या मातीचा स्वभाव फारसा वेगळा नाही. तरुणाची लांब ढांग तिथे वाया जाते. वयानुसार पोटरीचा जोर कमी होऊन आखूड झालेले पाऊल मात्र तिथे चालून जाते. सडकेवर ज्यांच्या पाठीही दिसत नाहीत, अशा पोरांना व्हेटरन चढावर गाठतो आणि माथा ओलांडताच ती पुन्हा पुढे निघून जातात.

लंडनचे पार्लमेंट हिल हे या अडचणीचे माहेरघर. दक्षिण इंग्लंडची अजिंक्यपद शर्यत तिथे जानेवारीच्या अखेरीस अनेकदा झाली आहे. वरिष्ठ पुरुषांसाठी 15 किलोमीटर, तीन फेऱ्यांत. हॅम्पस्टेड हीथच्या उंच भागावर बॅगशॉट वाळूचा थर आहे आणि खाली लंडन क्ले ही घट्ट चिकणमाती. वाळूतून मुरलेले पाणी चिकणमातीपाशी अडते आणि मधल्या उतारांवर पाझरून बाहेर येते. त्यामुळे आठवडाभर पाऊस नसला तरी उतार ओलाच. त्यात पुरुषांची शर्यत सहसा दिवसाच्या शेवटी असते. मुलामुलींच्या आणि महिलांच्या शर्यतींनी माती आधीच तुडवलेली असते, आणि व्हेटरनच्या पुढून आणखी शेकडो जण गेलेले असतात. पहिल्या शंभरांत धावणाऱ्याला जी जमीन मिळते, ती पाचशेव्याला मिळत नाही.

पाऊल घसरते कसे, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. उतार दिसला की शरीर आपोआप मागे रेलते, गुडघा ताठतो आणि टाच आधी टेकते. स्पाइक्सच्या बुटांचे खिळे मात्र फक्त चवड्याखाली असतात. पंधरा मिलिमीटरचे लांब खिळे लावले तरी टाचेखाली गुळगुळीत तळच असतो, त्यामुळे भीतीने टाकलेले पाऊल नेमके बिनखिळ्याच्या भागावर पडते. पाय पुढे सटकतो, तोल सावरायला धड आणखी मागे जाते आणि पुढचे पाऊल अधिकच टाचेवर येते. यावर तोड म्हणून काही जण डोंगरी शर्यतींचे, तळाला टाचेपर्यंत रबरी गुट्ट्या असलेले बूट घालतात. घट्ट गवतावर ते उत्तम चालतात. लंडन क्लेमध्ये मात्र दोन गुट्ट्यांमधली फट भरून जाते आणि अर्ध्या फेरीत बुटाखाली मातीची सपाट वडी तयार होते. अशा मातीत खिळेच बरे.

कंबर पावलाच्या वर ठेवावी, पावले आखूड आणि भराभर टाकावीत, हात रुंद ठेवावेत, नजर पायाशी नव्हे तर चार-पाच पावले पुढे असावी, हे क्लबात सर्वांना ठाऊक असते. वाट निवडताना मधला पातळ राडा कडेच्या अर्धवट सुकलेल्या मातीपेक्षा चांगला, कारण राड्याखाली बहुधा कठीण तळ लागतो आणि कडेची माती बूट धरून ठेवते. पहिल्या फेरीत हे सगळे जमते. तिसऱ्या फेरीत मांड्या थकल्या की धड पुन्हा मागे जाते, आणि ते गेल्याचे घसरल्यावरच कळते. पन्नाशीनंतर घोट्याची जाण मंदावते आणि पडल्यावर मनगट मोडण्याची धास्ती खरी असते. ही भीती शहाणी आहे; पण तिचे ऐकले की पाय हमखास घसरतो. पुढे झुकण्याचा निर्णय दर उतारावर नव्याने घ्यावा लागतो. वीस-वीस हंगाम धावलेल्यांनाही तो सवयीचा झालेला दिसत नाही.

सांघिक निकालात पुरुषांच्या पहिल्या सहा जणांच्या क्रमांकांची बेरीज धरतात, त्यात व्हेटरनचा क्रमांक क्वचितच येतो. तो धावतो स्वतःच्या वयोगटासाठी. गट पाच-पाच वर्षांचे असतात. चोपन्नाव्या वर्षी मागे पडणारा माणूस पंचावन्नाव्या वाढदिवसाची वाट पाहतो, कारण नव्या गटात तो सर्वांत तरुण ठरतो. आपल्याला हरवणारा पुढच्या गटात गेला की त्याला समाधान वाटते. हा हिशेब क्षुद्र आहे, आणि जानेवारीच्या थंडीत माणसे घराबाहेर पडतात त्यामागे त्याचा वाटा मोठा आहे.

सडकेवर वाढलेले नवे धावपटू कार्बन प्लेटचे बूट आणि मनगटावरचा वेग यांवर विसंबतात. चिखलात किलोमीटरमागची मिनिटे निरर्थक ठरतात म्हणून ते येतच नाहीत. आयोजकही हळूहळू कोरड्या, सपाट मैदानांकडे वळत आहेत, हे नुकसान आहे. ऑस्ट्रेलियातल्या बॅथर्स्टच्या 2023 सालच्या जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत मुद्दाम चिखलाचा पट्टा केला होता. पण कोरड्या वाटेवरच्या एका पट्ट्यात पाय थकत नाहीत, आणि थकलेल्या पायांनी उतार उतरणे हीच या शर्यतीची खरी परीक्षा आहे.

सराव उतारावरच करावा लागतो. शंभरेक मीटरचा ओला, गवताळ उतार, खाली मोकळी सपाट जागा, आणि आधी चढावर थकवून घेतलेले पाय एवढे पुरते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते आखडतात आणि वय झाल्यावर सुटायला जास्त दिवस घेतात. म्हणून असा सराव दहा दिवसांतून एकदाच करावा आणि शर्यतीच्या आठवड्यात अजिबात करू नये.