केडगावच्या छापखान्यातली विद्या

आमच्या मंडळीत देवाने दिलेल्या देणग्यांचा विषय निघाला की सगळ्यांच्या नजरा दोन जणांकडे वळतात. एक पेटीवर बसून भजन उचलणारा, दुसरा उपदेश करणारा. बाकीचे आपोआप मागच्या बाकांवरचे होतात. आमच्यातल्या एक निवृत्त परिचारिका कोणाच्याही घरी आजारपण आलं की न बोलावता जातात, रात्र जागवतात, म्हाताऱ्याचं अंथरूण बदलतात, आणि वर म्हणतात, "मला कुठे काय दिलंय देवाने?" हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं, आणि त्यांच्यापेक्षा आम्हा बाकीच्यांविषयी जास्त वाटतं. ही सेवा हीच त्यांना मिळालेली देणगी आहे, हे त्यांना आजवर आमच्यापैकी कोणी सांगितलं कसं नाही?

धन्याचा पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराच्या दृष्टांतावर उपदेश होतो, तेव्हा त्याच्या आळसावर बोट ठेवलं जातं. धनी त्याला आळशी म्हणतोच. पण चाकर स्वतः जे कारण देतो ते भीतीचं आहे. आपला धनी कठोर आहे अशी त्याची समजूत होती. देणारा कठोर वाटला की दिलेली वस्तूही जोखीम वाटू लागते, मग माणूस ती वापरत नाही, राखत बसतो. उदारपणाची सुरुवात म्हणूनच मला हात सैल सोडण्याच्या आधी कुठेतरी दिसते. आपल्याला प्रेमाने मिळालं आहे हे आधी पटावं लागतं.

हे लिहिताना मला राहून राहून पंडिता रमाबाई आठवतात. त्यांच्याजवळचं सगळ्यात मोठं धन संस्कृत विद्या, आणि ती त्यांना मिळाली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या आईने, लक्ष्मीबाईंनी, ते लेकीला दिलं. घरची कामं सुरू होण्याआधी, पहाटे लवकर उठवून. पुढे दुष्काळाने घर मोडलं. आईवडील गेले, बहीण गेली, भावासोबत देशभर पायपीट झाली. तरी पाठ केलेलं पाठच राहिलं. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीची विद्वत्ता पाहून तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. इतक्या मानावर एखादीने उभं आयुष्य सभा गाजवल्या असत्या, तर कोणी नाव ठेवलं नसतं.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघालं, ते पुढे पुण्याला आलं. मग १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. ज्या भुकेने आपलं घर नेलं तिच्याच दारातून त्यांनी इतरांची लेकरं ओढून काढली. पुण्याजवळ केडगावला या मुलींसाठी 'मुक्ती' ही त्यांची संस्था उभी राहिली, आणि काही वर्षांत तिथली वस्ती दीड हजारांच्या पुढे गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, शिवण, सगळं तिथल्या मुली आणि बायका चालवत. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवलं. हा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे.

मी मात्र थांबतो ते पवित्र शास्त्राच्या त्यांच्या भाषांतरापाशी. प्रचलित मराठी शास्त्र साध्या, फारसं न शिकलेल्या बाईला जड जातं असं त्यांना वाटे. म्हणून उतारवयाकडे झुकताना त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या आणि आयुष्याची अखेरची कितीतरी वर्षं त्यांनी या एका कामाला दिली. मला यातलं सगळ्यात मोठं दान त्या दोन भाषा शिकण्यात दिसत नाही. ज्या संस्कृताने त्यांना कीर्ती दिली, त्याच संस्कृतातले भारदस्त शब्द त्यांनी वाक्यावाक्यातून बाजूला सारले. खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून पंडितेने आपलं पांडित्य झाकलं. जवळचं देऊन टाकणारे पुष्कळ भेटतात. ज्याला द्यायचं त्याच्या शेजारी मांडी घालून बसावं, त्याला उचलता येईल असं करून द्यावं, ही उदारता फार थोड्यांना साधते. माझ्या मते पेत्राने आणि पौलाने मंडळ्यांना देणग्यांविषयी जे लिहिलं, त्याचं आचरण याहून स्पष्ट मराठी भूमीवर क्वचितच झालं असेल.

आणि हे काम त्यांनी एकटीच्या नावावर ठेवलं नाही. मुक्तीत छापखाना होता. खिळे जुळवायला, छापायला, पुस्तकं बांधायला तिथल्याच मुली होत्या. पहाटे आईने एका लेकीला दिलेली विद्या अशी कितीजणींच्या बोटांत उतरली! प्रेषितांच्या कृत्यांत यापो गावच्या टबीथेची हकिकत आहे. ती वारली तेव्हा विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे त्याला दाखवू लागल्या. तिने उपदेश केल्याची नोंद नाही, सुईदोऱ्याच्या कामाची आहे. आमच्या परिचारिका बाईंना ही गोष्ट मी मुद्दाम वाचून दाखवणार आहे. आणि पाळकसाहेबांना विनवणार आहे की पुढच्या वेळी देणग्यांवर बोलताना पेटीकडे पाहण्याआधी मागच्या बाकांकडे पाहा, तिथल्यांची नावं घ्या, आणि त्यांच्या हाताखाली आमची पोरं शिकायला बसवा.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. त्यांचा नवा करार १९१३ मध्ये निघाला होता. संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये, त्यांच्या मागे, बाहेर आलं. आज आमच्या बहुतेक मंडळ्यांत वाचलं जातं ते शास्त्र वेगळं आहे. एवढ्या वर्षांच्या कष्टाचं फळ सर्वत्र रुजलं नाही याची मला हळहळ वाटते, आणि ती मी लपवत नाही. पण आपण दिलेलं कुठवर जाईल याचा हिशेब मागून मग द्यायला बसणारी ती बाई नव्हती. त्यांनी भाषांतर केलं, मुलींनी खिळे जुळवले, आणि ते करता करता त्या मुली आपल्या हाताने कमवायला शिकल्या.