तेल खाणारे जीव

जंतू म्हटले की आपल्याला आठवतात ते रोग. पटकी, विषमज्वर, क्षय! मी सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय घेतला तेव्हा आजीने विचारले होते, "जंतू शिकून कुणाचं भलं होणार?" त्याचे उत्तर मला दूर अलास्कात सापडले.

२४ मार्च १९८९ रोजी 'एक्सॉन व्हाल्डेझ' हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन कच्चे तेल समुद्रात सांडले. समुद्रपक्षी लाखोंनी मेले. किनाऱ्यावरचे दगड गरम पाण्याच्या फवाऱ्यांनी धुतले, तर त्या पाण्याने तेलातून वाचलेले जीवही मारले!

मग शास्त्रज्ञ जीवाणूंकडे वळले. तेल खाणारे जीवाणू त्या किनाऱ्यावर मुळातच होते. पण नुसत्या तेलावर त्यांचे भागेना. तेलात कार्बन मुबलक, मात्र वाढीला लागणारे नत्र आणि स्फुरद जवळजवळ नाहीच. म्हणून किनाऱ्यावर चक्क खत टाकण्यात आले. जीवाणू वाढले आणि तेलाचे विघटन वेगाने होऊ लागले. हे ऐकून आजी म्हणाली, "म्हणजे उकिरड्यासारखंच की!"

आनंद चक्रवर्ती या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने तर तेल खाणारा जीवाणू प्रयोगशाळेत घडवला. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पेटंटला मान्यता दिली. वाचताना अभिमानाने ऊर भरून येतो. पण अलास्कात कामाला आले ते तिथलेच अनाम जीवाणू.

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा होण्याला कारण आहे. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला एक वर्कशॉप आहे. तिथले काळे ऑइल दोन पावसाळे ओघळत आमच्या बांधापर्यंत आले. गुंठाभर जागेत आता गवताची काडी उगवत नाही. तिथेही माती उलथून हवा खेळवली, खत घातले, ओल राखली, तर जीवाणू काम करतील. हवा मात्र हवीच; अलास्कात दगडांखाली, जिथे ती पोचली नाही, तिथे तेल कित्येक वर्षांनीही सापडले. शिवाय वापरलेल्या ऑइलमध्ये शिशासारखे धातूही असू शकतात. ते कोणत्याच जीवाणूला पचत नाहीत.

आणि वरून ऑइल येतच राहिले तर? सांडलेले खाऊन टाकणे एवढेच जीवाणूंच्या हाती आहे. वाहती मोरी बंद करणे त्यांना जमणार नाही. ते वर्कशॉपच्या मालकाला सांगायला माणसालाच जावे लागेल. या सुट्टीत मी जाणार आहे.