मावशीची वही

परवा डोंबिवलीला मावशीकडे गेलो होतो. चहा पिता पिता तिने फराळाची वही काढली आणि मला गेल्या दिवाळीतला माझा पराक्रम आठवला. लिहू की नको असा विचार करत होतो, पण लिहितोच.

मावशी गेली बरीच वर्षं घरून फराळ करून देते. चकली, अनारसे, ओल्या नारळाच्या करंज्या. गिऱ्हाइकांचे नंबर एका लांबड्या वहीत. दर दिवाळीला एकेकाला फोन. मी म्हटलं, "अगं मावशी, हे काय आदिमानवासारखं? थांब, मी करतो." शनिवारची दुपार घालवून १४३ नंबर टाइप केले, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, सगळ्यांना त्यात कोंबलं आणि रेटकार्डचा फोटो टाकला. इंजिनिअर भाचा शेवटी कशासाठी असतो :)

पहिल्या तासात अकरा जण बाहेर पडले. एका विमावाल्याने आपली योजना चिकटवली. एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "ह्यांची शुगर वाढलीय, बिनसाखरेचं काही मिळेल का?" झालं, ह्यांची शुगर अख्ख्या ग्रुपला कळली. इथपर्यंत मला गंमत वाटत होती.

रात्री साडेनऊला मावशीला फोन आला. दरवर्षी अनारसे नेणाऱ्या एक शिक्षिका. आवाज शांत होता. "काकू, मला त्यातून काढाल का?" एक माणूस सतत फोन करून त्रास द्यायचा, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी नंबर बदलला होता. नवा नंबर मोजक्या लोकांकडे, त्यात मावशी. तो माणूसही मावशीकडून चिवडा न्यायचा. ग्रुपमध्ये त्याला त्यांचा फोटो दिसला, आणि तासाभरात मेसेज: "नवीन नंबर कळवला नाहीस?"

मी त्यांना लगेच काढलं. एकेक करत सगळ्यांना काढून ग्रुपच मोडला. पण त्याचा उपयोग काय? एकदा दिसलेला नंबर परत घेता येत नाही. त्यांना पुन्हा सिम बदलावं लागलं. बँक, गॅस, आधार, शाळा, सगळीकडे पुन्हा तेच.

मावशी मला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "वहीत होते तोवर कुणाला दिसत नव्हते रे."

च्यायला, हे वाक्य फार लागलं. ऑफिसात कुणी लॉगमध्ये ग्राहकाचा फोन नंबर तसाच छापला तर मी त्याचा कोड परत पाठवतो. आणि घरी? घरी "आपलीच माणसं आहेत" म्हणून सगळं माफ. लोकांनी नंबर दिला होता तो अनारसे तयार झाल्याचं कळावं म्हणून. बाकीच्या १४२ जणांना दाखवायला नव्हे.

आता कायदाही हेच सांगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर केला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने, नियमांनंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. गाभा साधा आहे: माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरा, संमती स्पष्ट घ्या, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं ठेवा. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही दुकानदारांना बजावलं होतं की बिल करताना मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका. तरी मॉलमधल्या काउंटरवर आपण तो न विचारताच घडाघडा सांगून मोकळे होतो.

मग आम्ही काय केलं? मावशीने पूर्वीसारखे एकेकाला फोन केले. आधी माफी, मग प्रश्न: "मेसेज पाठवला तर चालेल का?" ६१ जण हो म्हणाले. त्यांच्यासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट केली. त्यात प्रत्येकाला मेसेज वेगळा जातो, कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. शिवाय ज्याने मावशीचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो पोचतो. आधी मला ही अडचण वाटायची, आता वाटतं बरंच आहे. मेसेजच्या शेवटी एक ओळ: "नको असल्यास फक्त 'नको' असं कळवा." 'नको' आलं की वहीत फुली, आणि ती फुली कायमची.

तुम्हीही घरच्या कुणाच्या मसाल्यांचं, साड्यांचं, क्लासचं 'मार्केटिंग' करून देत असाल तर ग्रुप काढण्याआधी दोन मिनिटं थांबा. आणि स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन ग्रुपमध्ये कोण घालू शकतं ते बघा. 'सगळे' असेल तर 'माझे कॉन्टॅक्ट' करा. ही सोय २०१९ पासून आहे.

परवा वही चाळताना शिक्षिकाबाईंचं पान दिसलं. नाव तसंच आहे, पुढे "अनारसे, १ किलो". नंबर मावशीने खोडलाय. मी म्हटलं, नवा विचारून घ्यायचा का?

"नको," मावशी म्हणाली. "द्यावासा वाटला तर ती देईल."

असो. चहा गार झाला होता.