माहुली शेवटी ठेविली

गेल्या वर्षी आमचे चिरंजीव सहकुटुंब इटली देश पाहून आले. दिवाळीस सर्व मंडळी साताऱ्यास घरी जमली, तेव्हा आमचा बारा वर्षांचा नातू रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस या नगरांची हकीकत अशी अस्खलित सांगू लागला की, ऐकणाऱ्यांस कौतुक वाटावे. आम्हांसही वाटले. मग आम्ही सहज विचारले, "बाळ, छत्रपती शाहू महाराजांची राजधानी कोणती?" नातवाने आईकडे पाहिले, सूनबाईंनी चिरंजीवांकडे पाहिले आणि चिरंजीव आढ्याकडे पाहू लागले. ते याच गावात वाढले, आमच्याच हाताखाली शिकले!

सर्व हसले, आम्हीही हसलो. परंतु रात्री झोप येईना. तीस वर्षे आम्ही इतिहास शिकविला. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांनी इटलीचे एकीकरण कसे घडविले, हे फळ्यावर नकाशा काढून समजाविले. शाळेपासून दीड कोसावर संगम माहुली. तेथे मात्र एकाही वर्गास कधी नेले नाही. ज्या मास्तरने असे केले, त्याच्या मुलास रोम जवळचे वाटले तर दोष कोणाचा?

दुसऱ्या दिवशी घरात ठराव झाला: तीन दिवस कृष्णाकाठ पाहावयाचा. लहानथोर मिळून नऊ माणसे, दोन मोटारी, आणि आमच्या कुटुंबाने बांधून दिलेल्या दशम्या व शेंगदाण्याची चटणी, एवढा सरंजाम. सूनबाईंनी विचारले, "आधी माहुलीच करू या ना, जवळच आहे." आम्ही म्हणालो, "ती शेवटी." असे का म्हणालो, ते तेव्हा आमचे आम्हांसही नीट उमगले नव्हते.

पहिला दिवस वाईचा. गणपती आळीच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे देवालय गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविले. मूर्ती एकाच पाषाणातून घडविलेली, सुमारे दहा फूट उंच. पण आम्ही मुलांस मूर्तीपुढून मागील बाजूस नेले. तेथील भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेस पूर आला म्हणजे पाण्याचा लोंढा तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा, ही त्यातील योजना. नातू म्हणाला, "म्हणजे आजोबा, हे देऊळ पुरात होडीसारखे उभे राहते." त्या वर्णनात दुरुस्ती करण्याजोगे काही नव्हते.

तेथून मेणवली जवळच आहे. नाना फडणिसांचा वाडा, खाली चंद्राकार घाट, आणि मेणवलेश्वराच्या देवळाजवळ टांगलेली ती प्रसिद्ध घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चांच्या ज्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यांतील ही एक. भीमाशंकरास व नाशिकच्या नारोशंकरासही अशाच घंटा आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाल येशूस घेतलेली मेरीमाता आहे आणि १७०७ हा सनही आहे. त्याच वर्षी औरंगजेब मृत्यू पावला, आणि १६८९ पासून मोगलांच्या कैदेत असलेले शाहू महाराज मुक्त होऊन स्वदेशी परतले. हे सांगताना आमचा स्वर जरा मास्तरी झाला असावा. कारण मुलांचे लक्ष उडाले होते.

एवढ्यात नातू म्हणाला, "आजोबा, हे व्हेनिसच्या घोड्यांसारखेच झाले." सेंट मार्कच्या मंदिरावरील धातूचे चार घोडे व्हेनिसवाल्यांनी १२०४ साली कॉन्स्टँटिनोपल लुटून आणले, पुढे नेपोलियनने ते पॅरिसास नेले आणि १८१५ साली ते परत आले, हे त्याने तेथे ऐकले होते. आम्हांस हा दाखला सुचला नव्हता. सूनबाई म्हणाल्या, "पण जिंकून आणलेल्या घंटेवरची आई कोणी पुसली नाही!" आणि त्यांनी तिला हात जोडले. चिरंजीव मात्र म्हणाले, "बाबा, तिकडे खरे घोडे आत जपून ठेविले आहेत आणि बाहेर त्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या आहेत. जपणे त्यांच्याकडून शिकावे." मुलाने बापास शिकविले ते योग्यच होते, आम्ही मान डोलावली.

दुसरे दिवशी सांगली. वाटेत कऱ्हाडास कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम पाहिला. दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात असे दृश्य विरळाच. सांगलीचे संस्थान चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी १८०१ साली मिरजेपासून वेगळे होऊन स्थापिले. गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही विष्णुदास भावे यांची कथा काढली. आप्पासाहेबांच्या आश्रयाने त्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणिले आणि मराठी नाटकाचा उदय झाला. सूनबाई म्हणाल्या, फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यात १६०० साली मेरी दे मेदिचीच्या विवाहाप्रीत्यर्थ 'युरिडिची' हे संगीतनाट्य झाले. ज्यांचा समग्र ग्रंथ आज उपलब्ध आहे, अशा नाट्यांत ते सर्वांत जुने. राजाश्रय तेथेही, येथेही. विवाहाचा प्रसंग तेथे प्रत्यक्ष, येथे रंगभूमीवर. मंडळींस ही तुलना फार रुचली.

सायंकाळी १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलावर उभे राहिलो. २०१९ च्या ऑगस्टात येथे पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली होती. खाली शांत वाहणारी नदी पाहून मुलांस ते खरे वाटेना. पुढे हरिपुरास कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराचे दर्शन घेतले. 'संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच गावचे.

तिसरा दिवस माहुलीचा. येथे वेण्णा कृष्णेस मिळते. रामशास्त्री प्रभुणे याच क्षेत्राचे. १७०८ साली साताऱ्यास ज्यांचा राज्याभिषेक झाला, त्या शाहू महाराजांची समाधी येथे आहे, आणि त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही. मुले त्या दुसऱ्या समाधीजवळच अधिक रेंगाळली. नातवाने विचारले, "आजोबा, तुम्ही येथे किती वेळा आला आहात?"

आम्ही मोजू लागलो. तीर्थरूपांस घेऊन आलो, मातोश्रींस घेऊन आलो, वडील बंधूंस घेऊन आलो. सातारकरांचे अंत्यसंस्कार येथेच होतात. आम्ही माहुलीस अनेकदा आलो होतो. परंतु प्रत्येक वेळी खांद्यावर कोणी तरी होते, आणि परतताना मागे वळून पाहावयाचे नसते. देवळाचे शिखर, दीपमाळ, पायऱ्यांची रेखीव बांधणी यांपैकी काहीच आम्ही आजवर पाहिले नव्हते. वर्गास येथे का नेले नाही, याचे उत्तर साठी उलटल्यावर असे मिळाले.

आम्ही नातवास म्हणालो, "नुसता पाहावयास म्हणून आज प्रथमच आलो." त्यास त्यातील अर्थ कळला नसावा. आमच्या कुटुंबास कळला, त्या घाटावर बसून उरलेल्या दशम्या वाढू लागल्या आणि म्हणाल्या, "अहो, मुलांना भूक लागली आहे. जेवू या इथेच."

नऊ जणांनी संगमावर बसून शिदोरी खाल्ली. नातवाने कृष्णा कोणती व वेण्णा कोणती हे धाकट्या बहिणीस बोट दाखवून सांगितले, व ते बरोबर सांगितले. पुढे केव्हा तरी त्यास येथे यावेच लागेल, आणि तेव्हा त्याच्याही खांद्यावर भार असेल. त्या दिवशी ही जागा त्यास परकी वाटणार नाही. आमच्या वाचकांनी इटली अवश्य पाहावी. मात्र आपापल्या गावची माहुली मुलांस आधी दाखवावी, आणि ती हसतखेळत दाखवावी.