घरयादी

२०१० च्या मे महिन्यात जनगणनेचा पहिला टप्पा, म्हणजे घरयादीचे काम निघाले. शिक्षकांची उन्हाळी सुटी अशाच कामांसाठी असते, असा सरकारदरबारी जुना समज आहे. आम्हा दोघांच्या वाट्याला पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरावरच्या वाड्या आल्या. गाडीरस्ता संपला की पुढे दोन-अडीच तासांची चढण. खांद्याला तक्त्यांची पिशवी, पाण्याच्या बाटल्या आणि शाळेच्या कपाटात धूळ खात पडलेली दुर्बीण. सरकारी कामात दुर्बिणीची गरज नव्हती. पण तिच्यामुळेच ती चढण सोसली.

ऊन चढायच्या आत वर पोहोचायचे म्हणून आम्ही झुंजुमुंजू होताच निघायचो. ओढ्याच्या बाजूने शीळ यायची, एखादे पोर अर्धवट आठवणारी चाल शिळेवर घोळवत चालले आहे अशी. तो शीळकरी कस्तूर. उजाडल्यावर कुटुर्ग्याचा एकसुरी घोष सुरू व्हायचा आणि वरच्या रानातून पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून बजावत राहायचा. एका जुन्या झाडाच्या ढोलीशी राखी धनेशाचा नर चोचीत फळे घेऊन आलेला दिसला. मादी आत स्वतःला कोंडून घेते आणि मुख्यतः आपल्याच विष्ठेने ढोलीचे तोंड लिंपते. उरलेल्या फटीतून नर तिला खाऊ घालतो. आमच्या तक्त्यात घराची भिंत कशाची, हा प्रश्न होता. ‘हिचं काय लिहायचं?’ असे म्हणून आम्ही हसलो.

तक्त्यात एकूण ३५ प्रश्न. जमीन कशाची, छप्पर कशाचे, पाणी कुठून. ग्रामीण भागात पाणी पाचशे मीटरच्या पलीकडे असेल तर ‘लांब’ लिहायचे. वाडीचा झरा खाली दरीत होता. डोक्यावर दोन हंडे घेऊन बायका उभी चढण चढत होत्या. लांबीसाठी रकाना होता, चढणीसाठी नव्हता.

एका धनगरवाड्यावर घरोघर विचारपूस आटोपून आम्ही ओसरीवर ताक पीत बसलो होतो. म्हातारबांनी आमच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बोट केले.

“गुरुजी, गिधाड दिसतंय का बघा त्यातनं.”

“का हो बाबा?”

“पूर्वी ढोर मेलं की घटकाभरात आभाळ भरायचं. सांजेला नुसती हाडं. आता ढोर कुजत पडतंय, नाहीतर कुत्री ओढतात. गेली कुठं ती?”

कारण आम्हाला वाचून ठाऊक होते. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते. हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली भारतात गुरांसाठी त्या औषधाच्या निर्मितीवर बंदी आली. तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे देशात हजारामागे जेमतेम एक उरली. औषध देणाऱ्यांना गाय वाचवायची होती. म्हातारबांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “म्हंजे आमीच मारली.”

पण हा ऱ्हास कळला कसा? कुणीतरी आधी मोजून ठेवले होते, आणि त्याच वाटांनी पुन्हा जाऊन मोजले. एकदा केलेल्या मोजणीत काय आहे ते कळते. काय गेले ते कळायला आधीची मोजणी लागते. आमच्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला सालिम अलींनी सुगरणीच्या घरट्यांवर अशीच चिकाटीने नजर ठेवली होती. नर अर्धे घरटे विणतो, मादी पाहून पसंत करते, मग नर दुसऱ्या घरट्याच्या आणि दुसऱ्या मादीच्या मागे लागतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. तीही घरयादीच होती.

या डोंगरावर मात्र गिधाडांची आधीची मोजणी कुणाच्या कागदावर नव्हती. ती होती म्हातारबांच्या डोक्यात. अशी माणसे प्रत्येक वाडीत आहेत. कुठल्या झऱ्याला मेअखेरपर्यंत पाणी असे, कुठल्या झाडावर धनेश राहत, हे ती सांगू शकतात. पण त्यांना कुणी विचारत नाही. आम्ही त्या वाड्यावर ११ घरे लिहिली आणि तक्ते तहसीलला जमा केले. ‘गिधाडे : पूर्वी पुष्कळ, आज शून्य’ ही नोंद आमच्या साध्या वहीत राहिली. पुढे त्या वाटेने कुणी मोजायला जाईल तेव्हा उपयोगी पडावी, म्हणून ती इथे लिहून ठेवली आहे.